हातावर फोड, पण दोष उन्हाचाच का?

नमस्कार. आधी दोन्ही हात पालथे करून बघा. फोड फक्त इथे, चेहऱ्यावर, मानेवर, म्हणजे उघड्या जागीच येत असतील तर उन्हाचा संशय रास्तच. तरी त्वचेचे डॉक्टर आधी सावलीच्या जागा बघतात: हनुवटीखाली, कानामागे. तिथेही पुरळ असेल तर हवेतून येणाऱ्या एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असू शकते.

मग विचारायचं, उन्हात गेल्यावर किती वेळाने? काही तासांनी खाजरं पुरळ उठून डाग न ठेवता गेलं, तर ती बहुधा नेहमीची सूर्यप्रकाशाची ॲलर्जी. एक-दोन दिवसांनी ओघळासारखे पट्टे उठले, तर लिंबाचा रस आठवून बघा. रस लागलेल्या हाताने उन्हात गेलं की असं भाजतं. लहान मुलांच्या अंगावरचे हे पट्टे पाहून मारहाणीचा संशयही घेतला गेलाय!

खरा चकवा मात्र पॉर्फिरिया क्युटेनिया टार्डा या आजाराचा, थोडक्यात पीसीटी. हा रुग्ण म्हणतो, ‘‘ऊन मला बाधत नाही हो, पण जरा कुठे घासलं की सालटं निघतं.’’ फोड भरले की व्रण राहतात, पांढरे बारीक दाणे राहतात. गालांवर केस वाढतात. यकृतातलं एक एन्झाइम कमी पडतं, रक्ताचा लाल घटक बनताना मध्ये तयार होणारं पॉर्फिरिन साचून त्वचेत येतं आणि ४०० ते ४१० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशात त्वचेला इजा करतं. हा प्रकाश खिडकीच्या काचेतून येतो, साध्या सनस्क्रीनलाही फारसा जुमानत नाही.

त्वचेचा तुकडा तपासून भागेल? एकट्या त्यावर नाही. नेप्रॉक्सेन हे वेदनाशामक किंवा लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड अशा औषधांनी किंवा डायलिसिसवर असताना अगदी असेच फोड येतात, सूक्ष्मदर्शकाखालीही तसेच दिसतात. उत्तर लघवीत आणि रक्तात असतं. लघवीची बाटली उजेडापासून झाकून न्या, नाहीतर पॉर्फिरिन नष्ट होतं. रक्तद्रव्यावर ठरावीक प्रकाश टाकला की त्यातलं पॉर्फिरिन चमकतं. ही चमक पीसीटीत ६२० नॅनोमीटरच्या आसपास, तर त्याच्याच कुळातल्या व्हेरिगेट पॉर्फिरिया या आजारात ६२६ च्या आसपास. फरक सहाचा, पण या दुसऱ्या आजारात पोटदुखीचे जीवघेणे झटके येऊ शकतात आणि काही औषधं वर्ज्य होतात.

पॉर्फिरिन नॉर्मल आलं तर चालू गोळ्यांची यादी काढा, दोष त्यांचा असू शकतो. प्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटलीय अशी शंका असेल, तर फोडाच्या शेजारच्या त्वचेचा वेगळा तुकडा लागतो. तो नमुने टिकवायच्या नेहमीच्या द्रावणात, फॉर्मॅलिनमध्ये टाकला की तपासणी वाया गेली, आणि ही चूक होते बरं का.

पीसीटी ठरलंच तर शोध यकृताकडे वळतो: हेपटायटिस सी, एचआयव्ही, दारू, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, साठलेलं लोह. उपचारात चक्क रक्त काढतात, म्हणजे लोह उतरतं. नाहीतर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध, तेही आठवड्यातून दोनदा, अगदी कमी मात्रेत. नेहमीच्या मात्रेत यकृतालाच झटका बसू शकतो, म्हणून हे स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका.