डांबर धरतं ते आग झोपल्यावर

मघाशी एकांनी विचारलं, "आमच्या भट्टीत जाळ चांगला धगधगतो, मग धुराड्यात एवढं डांबर येतं कुठून?" ते धगधगताना फारसं येतच नाही. आग झोपते तेव्हा येतं.

मी बोलतोय ती घर उबदार ठेवायला घराबाहेर बसवलेली, लाकडावर चालणारी भट्टी. तिच्यात आगीच्या पेटीभोवती पाणी असतं, ते गरम होऊन नळ्यांतून घरात फिरतं आणि परत येतं. पेटीभोवतीचं पाणी ठरलेल्या तापमानाला, समजा 80 अंश सेल्सिअसला, पोचलं की हवेची झडप मिटते, पंखा थांबतो. लाकूड मात्र आतच, तापलेलं. हवा नाही म्हणून ते जळत नाही, नुसतं धुमसतं. न जळलेले वायू, डांबर आणि वाफ यांचा जाड धूर निघतो. पेटीची भिंत 80 अंशांची, म्हणजे धुराच्या मानानं थंडच. थोडं डांबर तिथेच धरतं, बाकीचं वर धुराड्यात. धूर साधारण 120 अंशांच्या खाली उतरला की हे काम जोरात चालतं. त्या काळ्या लेपालाच क्रिओसोट म्हणतात.

म्हणून धुराड्याला तापमापी हवीच. पण ती वाचताना लोक फसतात. एकपदरी पत्र्यावर बाहेरून लावलेली चुंबकी तापमापी पत्र्याचं तापमान दाखवते. आतला धूर त्याच्या जवळजवळ दुप्पट गरम असू शकतो. दुहेरी, अस्तराच्या धुराड्यावर तर ती कुचकामाचीच. तिथे आत दांडी जाणारी घ्या. जळताना आत 150 ते 250 अंश असले तर ठीक. त्याहून बरंच वर राहिलं तर तुम्ही आभाळ तापवताय. आणि सगळ्यात मोठा आकडा किती गेला, यात मला रस नाही. काटा 120 च्या खाली किती तास पडून होता, ते मी बघतो.

हे तास कमी करायचे तर पेटी तुडुंब भरायची सवय मोडा. घराला लागेल तेवढंच सरपण घाला, थोड्या वेळानं पुन्हा घाला. गरजेपेक्षा मोठी भट्टी घेतलेल्यांना हे जड जातं, कारण ती दिवसभर झोपलेलीच असते. नुसत्या आंघोळीच्या पाण्यासाठी ती उन्हाळ्यात चालवणं मला तर मुळीच पटत नाही.

दुसरं, लाकूड. नुकतंच तोडलेलं लाकूड निम्मं पाणीच असू शकतं. उकळत्या पाण्याची वाफ करायला, तेच पाणी शून्यापासून उकळीला आणण्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता लागते. ती जाते जाळातूनच. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा, आणि तो ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजा. बाहेरून सुकलेला ओंडका ओलावा मोजणाऱ्या मीटरलाही फसवतो.

घरातून परत येणारं पाणी 60 अंशांच्या खाली असेल तर मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे परतीच्या पाण्यात भट्टीचं गरम पाणी मिसळणारी झडप, बसवून घ्या, नाहीतर पेटीच्या भिंती घामाघूम होतात.

धुराड्यात भुसभुशीत काजळी असेल तर ब्रशनं निघते. काचेसारखा चकचकीत थर झाला की ब्रश त्यावरून नुसता घसरतो. तेव्हा माहीतगार माणूस बोलवा. हा थर पेटला तर धुराड्यात तापमान 1000 अंशांवर जातं.

एक राहिलं. बराच वेळ धुमसलेल्या भट्टीचं दार एकदम उघडू नका. आत कोंडलेल्या वायूंना हवा मिळते आणि भडका थेट तोंडावर येतो. माझ्या भुवया एकदा अशाच गेल्या होत्या. आधी बोटभर फट ठेवा, बाजूला उभे राहा, मिनिटभर थांबा, मगच उघडा.