ट्रेलर, दोन नातवंडं आणि खडा हिंग

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते लहान मुलांना घेऊन ट्रेलरमधून केलेल्या प्रवासाबद्दल. ट्रेलर म्हटलं की आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढं उसाची ट्रॉली येते. माझ्याही आली, कारण माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. आमची लेक आणि जावई अमेरिकेत डेन्व्हरला असतात. जावयांचा फोन आला, "बाबा, यंदा तुम्ही दोघं आलात की ट्रेलर घेऊन यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊ." मी पहिला प्रश्न विचारला, "ब्रेक कसले आहेत?"

ब्रेक चांगले होते. हा ट्रेलर म्हणजे पिकअप गाडीमागं जोडलेली पंचवीस फुटांची खोली. आत गॅसची शेगडी, फ्रिज, संडास, मोठ्यांचा पलंग आणि मुलांसाठी एकावर एक दोन बर्थ. जेवणाचं टेबल खाली दाबलं की त्याचाही पलंग होतो. चाकांना विजेचे ब्रेक, त्यांचं नियंत्रण ड्रायव्हरच्या हाताशी. जोडाखाली दोन साखळ्या, एकमेकींना छेद देऊन लावलेल्या. शिवाय एक बारीक तार. ट्रेलर सुटलाच तर ती ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. आपल्याकडं गळीत हंगामात रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. त्यांना मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, पण गाण्यांचा भोंगा मात्र हमखास असतो. भोंग्याच्या पैशात चार रिफ्लेक्टर येतात हे मी कारखान्याच्या यार्डात गळा सुकेपर्यंत सांगितलंय. असो.

मुलांचं पहिलं सांगतो. नात सहा वर्षांची, नातू तीनचा. दोघांची समजूत अशी की आपण मागच्या घरात खेळत खेळत जायचं. तसं नसतं. गाडी चालू असताना ओढत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही. बहुतेक राज्यांत कायद्यानंच बंदी आहे. नसती तरी बसवू नका. पुन्हा सांगतो, चालत्या ट्रेलरमध्ये मूल बसवायचं नाही. मुलं पुढं पिकअपमध्ये, आपापल्या सीटला बांधलेली.

दुसरी गोष्ट सामानाची. ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे दोन वाक्यांत कळेल. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. पुढं जास्त झाला की धुरजड, बैलांच्या मानेवर सगळा भार. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे गाडीच्या हुकावर, यायला हवा. भरलेला ट्रेलर सत्तावीसशे किलोचा असेल तर दांडीवर पावणेतीनशे ते चारशे किलो. त्याहून कमी झाला की ट्रेलर मागं शेपटी हलवायला लागतो, आणि वाटेवरच्या वायोमिंग राज्यातल्या वाऱ्यात ते फार भयंकर. तिथं हायवेवर पाट्याच लागतात, आज वारा आहे, हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद. एखादा मोठा ट्रक शेजारून गेला की आधी बाजूला ढकलल्यासारखं होतं, मग ओढल्यासारखं. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडायचा आणि हातानं फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा. जावयांनी तसं केलं आणि मी मनातल्या मनात त्यांना पास केलं.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतर. कोडी हे यलोस्टोनच्या पूर्वेचं गाव. डेन्व्हरपासून तिथपर्यंत साधारण पाचशे मैल. नुसती मोटार असेल तर एका दिवसात होतं. ट्रेलर आणि तीन वर्षांचा मुलगा असेल तर करू नये. तिकडच्या ट्रेलरवाल्यांत एक नेम आहे. दिवसात तीनशे मैलांच्या वर नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला, आणि जमलं तर एका जागी तीन दिवस. आमच्या लेकीनं मुलांमुळं ते तीनशेही खाली आणले. अंतर कमी, मुक्काम जास्त. रात्री अंधारात ट्रेलर मागं घेऊन जागेवर बसवणं, चाकांना उटी लावणं, लेव्हल काढणं, पाण्याची नळी आणि विजेची केबल जोडणं, आणि आत रडणारं मूल, ही शिक्षा आहे. म्हणून पुन्हा, अंतर कमी, मुक्काम जास्त.

आम्ही कॅस्परला थांबलो, मग थर्मोपोलिसला. थर्मोपोलिसला गरम पाण्याचे झरे आहेत आणि सरकारी स्नानगृहात वीस मिनिटं फुकट डुंबायला मिळतं. १८९६ साली शोशोनी आणि अरापाहो लोकांकडून ही जागा घेताना पाणी जनतेला फुकट राहावं असं ठरलं, ते अजून पाळतात. आमच्या मंडळींना वज्रेश्वरीची आठवण झाली. मला मात्र असं वाटलं की सव्वाशे वर्षं जुनं वचन पाळणारं खातं कुठलं का असेना, त्याला नमस्कार करावा. बाकी त्या लोकांची जमीन कशी गेली हा विषय वेगळा, आणि तो गोड नाही.

आता यलोस्टोन. १८७२ साली झालेलं, राष्ट्रीय उद्यान म्हणून अमेरिकेतलं पहिलं. त्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ आहे, म्हणून मी तुम्हाला तिथला एक संध्याकाळचा प्रसंग सांगतो. पुस्तकात तो मिळणार नाही.

आमचा मुक्काम फिशिंग ब्रिजला होता, मोठ्या तलावाजवळ. तिथं अस्वलांचा वावर इतका की तंबूला परवानगीच नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. बाहेर टेबलावर खाण्याची वस्तू ठेवून जायचं नाही, खरकटं भांडंसुद्धा नाही. दिवसभर आम्ही मड व्होल्कॅनोकडं फिरून आलो होतो. तिथं चिखल रटरट उकळतो आणि सगळीकडं गंधकाचा वास. नातवानं नाक धरलं ते गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी लेक आणि जावई कपड्यांचा ढीग घेऊन धुलाईच्या खोलीकडं गेले. ट्रेलरमध्ये आम्ही दोघं आणि मुलं.

आमच्या मंडळींनी आमटी-भाताचा बेत केला. ती जागा पावणेआठ हजार फुटांच्या आसपास आहे. तिथं पाणी ब्याण्णव अंशांवरच उकळतं, म्हणजे उघड्या पातेल्यात तूरडाळ घटकाभर नाचते आणि तशीच कच्ची राहते. हिनं हे आधीच ओळखून तीन लिटरचा कुकर सांगलीहून बॅगेत आणला होता, आणि त्याच्यासोबत खडा हिंग. डबीतला पिठाचा हिंग तिला चालत नाही. तो कणीक घालून वाढवलेला असतो, असं ती दुकानदाराच्या तोंडावर सांगते. जाता जाता सांगतो, हा हिंग आपण पिढ्यान् पिढ्या अफगाणिस्तान आणि इराणकडून आणतो. २०२० साली कुठं हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात आपण त्याची पहिली रोपं लावली. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशानं हिंगाला इतका उशीर लावावा, हे मला पटलेलं नाही.

तर कुकर चढला. पहिली शिट्टी झाली, फुस्स्स करून, लांबलचक. दुसरी झाली. थंडी होती, तरी वास कोंडू नये म्हणून लेकीच्या आज्ञेनं खिडकी उघडी. दुसऱ्या शेगडीवर पळीत तेल तापलं, मोहरी तडतडली आणि हिंग पडला. त्या एवढ्याशा खोलीत तो कसा घमघमला असेल ते तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या क्षणी दार धडाधडा वाजलं. शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा. टेक्सासचे, माझ्याच वयाचे, उंच. म्हणाले, "गॅस गळतोय! सगळे बाहेर या, आत्ता!" मी काही बोलायच्या आत त्यांनी नातवाला काखेत मारलं, नातीचा हात धरला आणि अंगणात नेलं. मग पुढच्या दांडीवर दोन सिलिंडर असतात, तिकडं धावले आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून टाकले. शेगडी विझली. आमची मंडळी पळी हातात घेऊनच बाहेर आली. फोडणी टाकून कशी येणार? तर ते ओरडले, "मॅडम, खाण्याचं बाहेर नको, अस्वलं आहेत, ते आत ठेवा!" ही माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, हे बाहेर या म्हणतात की आत जा म्हणतात?"

आता त्यांची बाजू ऐका, कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं रसायन मुद्दाम मिसळतात. आणि हिंगाचा वास कशाचा? गंधकाच्याच संयुगांचा. दोन्ही एका घराण्यातले. त्या गृहस्थांनी आधी कुकरची शिट्टी ऐकली, म्हणजे त्यांच्या हिशेबी गॅस सुटल्याचा आवाज. आणि लगेच वास. आवाज आणि वास, दोन पुरावे. आमची नाकं दिवसभर गंधकात मुरलेली आणि जन्मभर हिंगात, त्यामुळं आम्हाला जेवणाचा वास आला आणि त्यांना स्फोटाचा.

मी माझी वर्कशॉपची अक्कल वापरली. म्हटलं, "हा गॅस म्हणजे प्रोपेन, तो हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. म्हणून तर गॅसचा अलार्म जमिनीजवळ लावलेला असतो. गळती असती तर तो ओरडला असता. तो गप्प आहे." वाटलं, जिंकलो. ते म्हणाले, "त्या अलार्मला मुदत असते. काही वर्षांत निकामी होतो. तुमच्या अलार्मवरची तारीख बघितलीत?" आम्ही दोघं गुडघ्यावर बसलो, बॅटरी मारली, तारीख वाचली. मुदत शिल्लक होती. तरी त्यांची खात्री पटेना.

तेवढ्यात आमची मंडळी आत गेली आणि हिंगाची डबी घेऊन आली. इंग्रजी नाही, काही नाही. झाकण उघडलं आणि डबी सरळ त्यांच्या नाकापुढं धरली. त्यांनी भला मोठा श्वास घेतला. मान झटक्यानं मागं गेली, डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं म्हणाले, "हे तुम्ही जेवणात घालता?"

नात म्हणाली, "रोज."

मला वाटलं, हसतील आणि जातील. हसले, पण गेले नाहीत. आपल्या ट्रेलरमधून साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली घेऊन आले, शेगडी बंद करायला लावून स्वतःच्या हातानं दोन्ही व्हॉल्व्ह उघडले आणि दोन्ही सिलिंडरचे जोड, रेग्युलेटर, नळीची टोकं, सगळ्यांवर फेस मारला. बुडबुडा येतो का बघत बसले. एकही आला नाही. हिंगाचा उलगडा झाल्यावरसुद्धा तपासणी अर्धी सोडली नाही. असा माणूस मला वर्कशॉपमध्ये मिळाला असता तर मी त्याला रिटायरच होऊ दिलं नसतं.

लेक-जावई परत आले तेव्हाचं दृश्य असं. मुलं स्वेटर घालून बाहेर उभी, सासूबाई दारात डबी घेऊन, आणि सासरे एका परक्या माणसाबरोबर ट्रेलरपुढं गुडघ्यावर बसलेले. जावयांनी काही विचारलं नाही. हातातले धुतलेले कपडे घेऊन तसेच उभे राहिले. डाळ अर्धीकच्ची राहिली होती, ती पुन्हा चढवली, जेवायला नऊ वाजले.

दुसऱ्या दिवसापासून एक पद्धत पडली. फोडणी टाकायच्या आधी आजी नातीला पाठवायची. नात शेजारच्या ट्रेलरचं दार वाजवून सांगायची, "हिंग येतोय." आतून आवाज यायचा, "ठीक आहे!" नातू त्यांना हिंगआजोबाच म्हणायला लागला, आणि त्यांना ते नाव आवडलं असावं, कारण ते ओ द्यायचे.

श्रोतेहो, काचेपलीकडून निवेदक खूण करतायत, त्यामुळं बाकीचं भरभर. ओल्ड फेथफुलचा गरम फवारा सरासरी दीड तासानं उडतो. मुलांना घेऊन जाण्याआधी वेळेची पाटी बघा, नाहीतर तासभर 'कधी उडणार' हे ऐकावं लागतं. गव्यासारखे मोठे बायसन रस्त्यावर येतात, त्यांच्यापासून निदान पंचवीस यार्ड, आणि अस्वल-लांडग्यांपासून शंभर यार्ड लांब राहायचं. फोटोसाठी मूल पुढं उभं करणारे आईबाप मी तिथं पाहिले, त्यांना काय म्हणावं ते आकाशवाणीवर म्हणता येत नाही.

आणि शेवटचं, घाणीच्या पाण्याचं. ट्रेलरखाली दोन टाक्या असतात, एक संडासाची, तिला काळी म्हणतात, आणि एक सिंक-मोरीच्या पाण्याची, तिला राखाडी. मुक्काम हलवताना डंप स्टेशनवर जाऊन जाड नळीनं दोन्ही रिकाम्या करायच्या. काळी आधी, राखाडी नंतर. म्हणजे मोरीच्या साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. काळी आधी, राखाडी नंतर. हातमोजे घालून. हे काम आमच्याकडं जावयांकडं होतं, आणि नातू दरवेळी टाळ्या वाजवायला हजर असायचा.

नमस्कार.