जीप गळतेय म्हणजे तेल आहे

(दादरला रविवारी सकाळी जुन्या जीपवाल्यांच्या बैठकीत झालेलं बोलणं, थोडं साफसूफ करून)

मंडळी, माईक नको, आवाज पोचतोय ना मागे? ठीक. मला सांगितलंय की लांबच्या प्रवासात ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, गेली तर काय करायचं यावर बोला. आता हा विषय मला दिला म्हणजे माझी गेली होती हे सगळ्यांना माहितीये, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

गाडी तुम्ही खाली बघितलीच असेल, महिंद्राची सीजे थ्री बी, 1968 सालची, उंच बॉनेटवाली. ते बॉनेट उंच का, तर आतलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमधे गेले, म्हणून झाकणही वर गेलं. बाकी खालचा सांगाडा मात्र युद्धातल्या विलीजचाच, आणि ट्रान्स्फर केसही तीच, स्पायसर 18. म्हणजे 1941 चं डोकं आपण आजही सायन-पनवेलवर चालवतोय.

ज्यांनी उघडून बघितली नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. गिअरबॉक्समधून ताकद येते ती ट्रान्स्फर केसमधल्या वरच्या गिअरवर, तिथून मधल्या इंटरमीजिएट गिअरवर आणि तिथून खालच्या शाफ्टवर, जो पुढच्या-मागच्या चाकांकडे जातो. आता नव्या गाड्यांमधे बऱ्याचदा हायमधे (हाय म्हणजे रोजच्या वेगाला, लो म्हणजे चढावर जोराला) ताकद सरळ जाते, मधले गिअर नुसते फिरत बसतात. आपल्याकडे तसं नाही. हाय असो लो असो, टू व्हील असो फोर व्हील असो, सगळं त्या एका मधल्या गिअरवरूनच जातं, आणि तो गिअर फिरतो एका स्थिर शाफ्टवर, सुईसारख्या बारीक निडल बेअरिंगवर. त्याला तेल नाही मिळालं की संपलं, दुसरा रस्ताच नाही. मागच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा फिरता सांधा, तुटला तर मागचा शाफ्ट काढा, फोर व्हील टाका, पुढच्या चाकांवर घरी या, मी आलोय तसा एकदा मुरबाडहून. पण मधला गिअर गेला की ढकला.

तर माझ्या जीपला मागच्या ऑइल सीलमधून गळती होती. दोन वर्षं. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, जीप गळतेय म्हणजे तेल आहे, गळायची थांबली की घाबरा." आपण सगळे हा जोक मारतो, मीही शंभर वेळा मारलाय, सोसायटीत फरशीवर डाग पडले म्हणून सेक्रेटरी भांडायला आला तेव्हा त्यालाही हाच ऐकवला. तो हसला नाही. एकटाच शहाणा निघाला म्हणायचा.

डिसेंबरात कच्छला निघालो, मी आणि माझा मेव्हणा. मुंबई ते भुज साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, आपल्या वेगाने दोन दिवस आरामात. भुजवरून खावड्याच्या रस्त्याला लागलो, भिरंडियाराला मावा खायला थांबलो (तो मावा खाच, बाकी काही खाऊ नका) आणि तिथून निघाल्यावर पायाखालून आवाज सुरू झाला. बारीक, किटली उकळायच्या आधी करते तसा. मेव्हणा म्हणाला, भावजी, हे काय? मी म्हटलं थांब, टेस्ट करू. टॉपला, म्हणजे तिसऱ्यात, चाळीसवर क्लच दाबला. इंजिनचा आवाज खाली आला, किटली तशीच. म्हणजे आवाज इंजिनचा नाही, चाकांच्या वेगाबरोबर चाललाय. आणि आपल्या गिअरबॉक्सात तिसरा डायरेक्ट, म्हणजे ताकद गिअरांवरून न जाता सरळ जाते, त्यात गिअर रडायचं कारण नाही. म्हणजे ट्रान्स्फर केस. टेस्ट एकदम बरोबर, निदान एकदम बरोबर, मेव्हण्याला समजावूनही सांगितलं अगदी प्रोफेसरसारखं, आणि मग काय केलं? गाडी चालवत राहिलो!

अहो, खाली वाकून एक प्लग उघडायचा होता. बाजूला भरायचा प्लग असतो, तो काढून बोट आत घालायचं, तेल बोटाला लागलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम. मागे नव्वद नंबरचं तेल पण होतं एक लिटर. पण ऊन होतं, कपडे चांगले होते, आणि काळ्या डुंगरावर वेळेत पोचायचं होतं, कारण तिथे दत्ताचं देऊळ आहे आणि आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसाद घालतात, ते मेव्हण्याला बघायचं होतं.

काळा डुंगर म्हणजे कच्छमधली सगळ्यात उंच जागा, 462 मीटर. आपल्या सिंहगडापुढे काहीच नाही, पण चढ आहे. त्या रस्त्यावर एक उतार आहे, तिथे लोक गाड्या बंद करून उभे राहतात, म्हणे चुंबकाने गाडी आपोआप धावते. माझी त्याच तुकड्यावर गेली. लो टाकलेलं होतं, उगाच, गरज नव्हती, शायनिंग. आधी किटली बंद झाली आणि मला वाटलं, चला, बरं झालं. मग डबाभर खिळे हलवावेत तसा खडखडाट, एक धक्का लिव्हरला, आणि इंजिन मोकळं. ॲक्सिलरेटर दाबतोय, गाडी जागेवर. आणि बाजूचे टूरिस्ट टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटलं आम्ही चुंबकाचा खेळ करतोय.

आता इथे ऐका, हे महत्त्वाचं. चढावर आपण काय करतो, हँडब्रेक ओढतो आणि पहिला टाकून ठेवतो. पहिला टाकून उपयोग नाही, मधला गिअरच गेलाय, इंजिन चाकांना धरूनच नाहीये. आणि हँडब्रेक? आपला हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर ड्रम असतो, बरोबर? आणि ज्या सीलमधून दोन वर्षं तेल गळत होतं ते सगळं त्याच ड्रमवर. लायनर तेलात तळलेला. मी उतरलो, गाडी हलली. मेव्हणा उडी मारून आत गेला आणि फूटब्रेकवर उभा राहिला, अक्षरशः उभा, मी दगड शोधत पळतोय. तेव्हापासून लाकडाचे दोन ठोकळे सीटखाली असतात. दगड कच्छमधे खूप आहेत हो, पण पाहिजे तेव्हा मिळत नाहीत.

टो करायच्या आधी दोन्ही प्रोपेलर शाफ्ट काढले. आपल्याकडे पुढे लॉकिंग हब, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सोडवायची सोय, नाहीत, टू व्हीलमधेही पुढचा शाफ्ट फिरतच असतो, म्हणजे आतला चुरा आणखी दळला जाणार. काढताना एक काळजी, यू-बोल्ट सोडले की क्रॉसच्या वाट्या गळून पडतात आणि आतल्या सुया मातीत, म्हणून आधी काळी टेप गुंडाळा चारी बाजूंनी. आणि मागचा शाफ्ट काढला की उरलासुरला हँडब्रेकही गेला हे लक्षात ठेवा. ट्रॅक्टर आला, दोरी नको म्हटलं, उतार आहे, लोखंडी बार लावून हळूहळू खावड्याला पंचवीस किलोमीटर. कोल्हे राहिले.

खावड्यात ट्रॅक्टरचं काम करणारे एक चाचा. त्यांनी कधी ही केस उघडली नव्हती, पण खालचं पत्र्याचं झाकण खोललं, आत बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं आणि म्हणाले, "इसमें तो तेल की खुशबू भी नहीं है." झाकणात काय होतं? दोन चमचे काळी पेस्ट आणि त्यात तुटलेल्या सुया, अगदी तिळासारख्या. शाफ्ट बाहेर ठोकून काढला तर एका बाजूने निळा पडलेला, नखाला लागतील अशा रेघा.

मग कुर्ल्याला फोन, सीएसटी रोडवर माझा एक जुना स्पेअरवाला आहे. त्याचा पहिला प्रश्न, "कितने सूत का शाफ्ट?" (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) कारण या केसमधे वेगवेगळ्या वर्षांत तीन जाडीचे शाफ्ट आलेत, सहा सूत, इंच-एक सूत आणि इंच-दोन सूत, आणि आपल्या जीपमधे पन्नास वर्षांत कोणी काय बसवलंय देव जाणे, आरसी बुकवरून कळत नाही. चाचांचा व्हर्नियर मुलगा घेऊन गेला होता. मग आम्ही कागदाची पट्टी शाफ्टभोवती गुंडाळली, पेनाने खूण केली, शाळेच्या पट्टीने मोजली. सहा सेंटिमीटर भरली तर सहा सूत, नऊ भरली तर इंच-एक सूत, दहा भरली तर इंच-दोन सूत. माझी दहा भरली. गिअरचे दात मोजून सांगितले, फोटो पाठवला. त्याने शाफ्ट, बेअरिंग, दोन्ही थ्रस्ट वॉशर, ओ-रिंग, मागचं सील आणि भंगारातला पण चांगला गिअर, सगळं एका पिशवीत घालून बोरिवलीहून भुजच्या लक्झरीत ड्रायव्हरच्या ताब्यात दिलं. दुसऱ्या दिवशी मी भुजला जाऊन घेऊन आलो.

तोपर्यंत चाचांनी पॅकिंग कापलं होतं. कशाचं, तर आमच्या माव्याच्या खोक्याचं. पुठ्ठा झाकणावर ठेवला, हातोडीने कडेकडेने हळू टकटक केलं की पत्र्याची धारच कापत जाते, भोकं पण तशीच, कात्री नाही काही नाही. वरून शेलॅक. ते पॅकिंग मी अजून बदललेलं नाही, गळत नाही. निडल ग्रीसमधे चिकटवून एकेक उभी केली, त्यात दुपार गेली, दोनदा पडल्या, दुसऱ्यांदा माझ्या शिंकेने. शेवटी तेल भरलं, दीड लिटरच्या आसपास लागतं, बाजूच्या भोकातून परत वाहायला लागेपर्यंत. आणि चाचांनी हँडब्रेकचे लायनर पेट्रोलने धुवून, थोडे भाजून, घासून दिले, पण मुंबईत येऊन ते बदललेच, तेल प्यायलेल्या लायनरचा भरवसा नाही.

एक राहिलं. घरी आल्यावर गिअरबॉक्सचं तेल बघितलं तर तेही कमी. दोन्ही एकमेकांना चिकटून बसलेत, मधलं सील गेलं की एकाचं तेल दुसऱ्यात जातं आणि तिथून बाहेर. म्हणजे मी दोन वर्षं दोन डबे रिकामे करत होतो, एकाच भोकातून. आता दर पाचशे किलोमीटरला बोट घालतो, दोन्हीकडे. सोसायटीत गाडीखाली पुठ्ठा टाकलाय, त्यावर तारीख लिहितो, डाग मोठा झाला की कळतं. वॉचमन विचारतो, रिपोर्ट कसा आहे आजचा.

बोला, काही प्रश्न? हां, तुम्ही, मागे... काळ्या डुंगरावर बंद गाडी खरंच आपोआप धावते का?

धावली की. मागे.