दातांच्या तारेचं बिल

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय दातांच्या तारेच्या खर्चाबद्दल. तार म्हणजे ब्रेसेस. घरात कुणाला तरी ती लागलेली असते, नाहीतर लागणार असते, त्यामुळे ती कशी दिसते हे सांगत बसत नाही. ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी, आकडा सांगितला की आईवडिलांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "एवढे? एवढ्यात तर ऑपरेशन होतं!"

मीही हेच म्हणालो होतो. आणि त्याच वर्षी आमच्या घरात खरोखर दोन्ही झालं.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. वरचे पुढचे दात चांगलेच बाहेर आलेले. तिला तार लागून दोन महिने होतात न होतात, तोच माझं अपेंडिक्स उठलं. रात्री दाखल, पहाटे ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी. बिल भलंमोठं. पण विमा कंपनीने जवळजवळ सगळं भरलं, मी नुसती सही केली.

तर, माझ्या पोटाचे पैसे कंपनीने दिले. मुलीच्या दातांसाठी त्याच कंपनीचं उत्तर एका ओळीत आलं : दातांचे उपचार योजनेत बसत नाहीत. पुढे दोन वर्षं आम्ही हप्ते भरले. शेवटच्या हप्त्याला मी डॉक्टरांना विचारलंच, "माझं पोट उघडून अपेंडिक्स काढलं, त्याच्या जवळपास पैसे तुम्ही दात सरकवायला घेता. हे कसं?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मुलीचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "मोठ्याने वाचा." मी वाचायला लागलो. तारीख, तार बदलली. तारीख, ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेलं बारकं बटण, निघालं, परत चिकटवलं. तारीख, रबर सुरू केले. तारीख, अजून जाड तार. कार्ड उलटलं, मागची बाजूही भरलेली. बावीस नोंदी! मी थांबलो, तशी खुर्चीतून मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं पोट एकदाच उघडलं. माझं तोंड बावीस वेळा."

श्रोतेहो, त्या बावीस नोंदी मी कधी विसरलो नाही. तारेचे पैसे म्हणजे त्या धातूची किंमत नव्हे. ते बावीस भेटींचे पैसे आहेत. पुन्हा सांगतो, पैसे भेटींचे आहेत. हाडात दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. पुढचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं, आणि शरीराला त्यात घाई चालत नाही. म्हणून दीड-दोन वर्षं जातात. तापाचं बिल चार दिवसांचं असतं, हे दोन वर्षांचं असतं आणि आकडा पहिल्याच दिवशी एकदम कानावर पडतो.

आणि विमा? अमेरिकेत बाल्टिमोरला 1840 मध्ये दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज निघालं. दात एकीकडे, बाकी शरीर दुसरीकडे, ही वाटणी विम्यातही दिसते. वाकडे दात म्हणजे केवळ दिसण्याचा प्रश्न, असं धरलं जातं. मला ते पटत नाही. पुढे आलेले दात पडल्याझडल्यावर जास्त मोडतात. ब्रिटनमध्ये उपचाराची गरज पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ठरवतात आणि गरज मोठी असेल तर 18 वर्षांखालच्या मुलांना सरकारी सेवेतून तार मोफत मिळते. गरज मोजता येते, मग सगळ्यांना एकाच मापाने नाकारायचं कशाला?

तुम्ही आकडा ऐकाल तेव्हा तिथेच विचारा, भेटी किती धरल्यात? निघालेलं ब्रॅकेट परत लावायचे पैसे वेगळे का? आणि रिटेनर, म्हणजे तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, त्यात आहे का? हा तिसरा प्रश्न विसरू नका. रिटेनर त्यात आहे का? तार निघाल्यावर दात जुन्या जागी परतू पाहतात. रिटेनर वापरला नाही तर दोन वर्षांचे पैसे आणि त्या सगळ्या भेटी पाण्यात.

आमच्याकडे तार निघून नऊ वर्षं झाली. रिटेनरची निळी डबी अजून मुलीच्या उशाशी असते.