मूळव्याधीचं ऑपरेशन आणि नंतरचा ठणका

श्रोतेहो, नमस्कार. मी सर्जन आहे. मूळव्याधीचा पेशंट समोर बसला की खरा आजार तोंडातून निघायलाच पाच मिनिटं जातात. आधी पोट साफ होत नाही म्हणतात, मग गॅसचं सांगतात, आणि उठता उठता हळूच विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन लई दुखतं म्हणतात, खरं का?" बायका तर तेवढंही विचारत नाहीत. एक ताई चार वर्षं रक्त जात असताना घरात कुणाला बोलल्या नाहीत. माझ्याकडे आल्या तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलं होतं, जिना चढताना धाप लागत होती. एवढी वर्षं का थांबलात, असं विचारलं तर म्हणाल्या, जाऊबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचं ओरडणं ऐकलं होतं. म्हणून आज फक्त त्या दुखण्याविषयीच बोलणार आहे.

कोणतं ऑपरेशन किती दुखणार, याचं अर्धं उत्तर एका रेषेत आहे. गुदद्वारातून साधारण दोन सेंटिमीटर आत ही दातेरी रेषा असते. तिच्या वर आतड्याचं अस्तर आहे. तिथं कापलं तरी कापल्यासारखं कळत नाही, नुसता जडपणा वाटतो. रेषेच्या खाली मात्र आपल्या अंगावरच्या कातडीसारख्याच नसा आहेत, आणि त्या फार हळव्या. रेषेच्या वर काम झालं तर दुखणं कमी. जखम रेषा ओलांडून खाली आली तर ठणका जास्त. चाकू कोणता, यंत्र किती महाग, हे त्यानंतर.

आता रबर बँडचं बघा. हे बाह्यरुग्ण विभागातच, भूल न देता होतं. मोडाच्या मुळाशी, रेषेच्या वर, छोटं रबराचं कडं बसवतात. रक्तपुरवठा तुटतो आणि आठवडा-दहा दिवसांत मोड सुकून गळून पडतो. दोन-तीन दिवस शौचाला लागल्यासारखं वाटत राहतं. पण बँड बसवल्याबरोबर जोराची कळ आली, तर सोसत बसू नका. कडं खाली बसलं असेल, ते काढून पुन्हा वर बसवता येतं.

दुसरं टोक म्हणजे मोड कापून काढणं. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 साली मांडलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. यात मोड मुळापासून काढतात आणि जखमा मुद्दाम उघड्या ठेवतात, त्या आतून भरत येतात. भरायला चार ते सहा आठवडे लागतात. जखम खालच्या हळव्या कातडीतून जाते, म्हणून यात दुखतं. ते मी लपवणार नाही. पहिले काही दिवस कठीण, आणि सगळ्यात कठीण पहिली शौच. पेशंट त्या भीतीनं जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, शौच दाबून धरतात. मग खडा होतो, जखमेवर घासतो, आतला स्नायू आवळून बसतो आणि दुखणं दुप्पट होतं. त्या ताईंच्या जाऊबाईंचंही असंच झालं होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या पोटात अन्न घ्यायला तयार नव्हत्या.

म्हणून मी ऑपरेशनच्या आधीच इसबगोल किंवा शौच मऊ करणारं औषध सुरू करतो. वेदनाशामक गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नाही, घड्याळ लावून घ्यायची. भुलीतच तिथल्या नसांभोवती बधिरतेचं इंजेक्शन दिलं तर पहिले काही तास सुखाचे जातात. स्नायू सैल करणारं डिल्टियाझेमचं मलम मिळतं, तेही पुष्कळांना उपयोगी पडतं. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसा. हा उपाय कुणी साधा समजू नये.

या दोन टोकांच्या मध्ये स्टेपलर आहे, म्हणजे कापता कापता पिना मारून शिवणारं यंत्र. इटलीतले डॉक्टर लोंगो यांनी 1990च्या दशकात तो पुढे आणला. यात रेषेच्या वरच्या अस्तराची एक गोल पट्टी कापून मोड वर ओढून घेतात. साहजिकच पहिल्या काही आठवड्यांत दुखणं कमी. पण ब्रिटनमध्ये 777 पेशंटवर झालेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टेपलर केलेल्यांमध्ये मूळव्याध पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि दोन वर्षांचा हिशेब केल्यावर कापून काढलेल्यांचं जगणं अधिक सुखाचं ठरलं. त्याच वर्षी तिथलाच आणखी एक अभ्यास आला. डॉप्लरनं, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्रानं, मोडाची धमनी शोधून टाका घालण्याची पद्धत त्यांनी रबर बँडशी ताडून पाहिली. दहापैकी गुण द्यायला सांगितल्यावर पहिल्या दिवशी बँडवाल्यांचं दुखणं सरासरी 3.4 होतं, डॉप्लरवाल्यांचं 4.6. तीन आठवड्यांनंतर फरक राहिला नाही. मात्र वर्षभरात एकाच वेळच्या बँडनंतर 49 टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, डॉप्लरनंतर 30 टक्क्यांना.

लेसरच्या पाट्या तुम्ही शहरोशहरी वाचता: वेदनारहित, दुसऱ्या दिवशी कामावर. मोडात बारीक तार घालून उष्णतेनं तो आकसवला, तर दुखणं खरंच कमी असतं, पण मोड परत येण्याची शक्यता कापण्यापेक्षा जास्त. आणि लेसरनं बाहेरची कातडी कापली, तर ती जखमच आहे, दुखणारच. पाटीवर हा फरक लिहिलेला नसतो, म्हणून डॉक्टरांना विचारा: "तुम्ही लेसरनं नेमकं काय करणार?"

आपल्याकडे सुश्रुतांनी अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले, आणि बारीक देठाच्या, उंच आलेल्या मोडाला शस्त्र योग्य मानलं. मोड बघून उपाय ठरवायचा, हे आजही खरं आहे. नुसतं रक्त जातं, किंवा मोड बाहेर येऊन आपोआप आत जातो, तर बहुतेक वेळा कापायची गरजच नसते. बोटानं आत ढकलावा लागतो, किंवा कायम बाहेरच राहतो, तेव्हा कापण्याचा विचार येतो. त्या ताईंचे मोड बाहेरच असायचे. आधी रक्त चढवलं, मग कापूनच काढले. पहिल्या शौचाला त्या रडल्या. तिसऱ्या आठवड्यात तपासणीला एकट्या एसटीनं आल्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोणत्याही उपायानंतर ताप आला, लघवी अडली, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, किंवा आठ-दहा दिवसांनी भळाभळा रक्त आलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त जात असेल, तर मूळव्याध आहे असं धरून चालू नका, आधी आतड्याची तपासणी करून घ्या. नमस्कार.