फुग्याची कंबर

पडद्यावरची ही काळी रेघ पाहा. खालून सरळ वर येते, मध्येच दोऱ्याइतकी बारीक होते आणि त्याच्या वर एकदम फुगते. ही मूत्रवाहिनी. तिची ही अरुंद जागा आतून फुगा फुगवून रुंद करायची आहे. आत कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव सोडलंय म्हणून ती दिसतेय.

किडनीपासून मूत्राशयापर्यंत 25 ते 30 सेंटिमीटरची नळी, आतली वाट जेमतेम 3-4 मिलिमीटर. लघवी तिच्यातून नुसती ओघळत नाही. नळीचे स्नायू आवळत-सैलावत एकेक घोट खाली ढकलतात. माणूस आडवा झोपला असला तरी.

गर्भाशय काढताना सर्जनचं लक्ष हिच्यावर असतं, कारण गर्भाशयाच्या धमनीच्या अगदी खालून ती जाते. चुकून टाका बसला, उष्णता लागली किंवा तिच्यावरचं रक्तवाहिन्यांचं नाजूक जाळं खरवडलं गेलं, की त्या जागेचं रक्त तुटतं. तिथे वण धरतो आणि वण आकसतो. दुर्बिणीनं खडा काढल्यावर, किडनी प्रत्यारोपणानंतर किंवा मूत्राशय काढून मूत्रवाहिनी आतड्याला जोडल्यावरही हेच होऊ शकतं.

एकेकाळी अशा इजेवर उत्तर फार जबर होतं. 1869 मध्ये हायडेलबर्गला गुस्टाव्ह सिमोन यांनी एका बाईची किडनी ठरवून काढली. आधीच्या शस्त्रक्रियेत तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि लघवी सतत बाहेर झिरपत होती. नळी बिघडली म्हणून किडनीच गेली.

अरुंद झालेली नळी मात्र बऱ्याचदा गप्प राहते. कुणाच्या कुशीत दुखतं, कुणाला थंडी वाजून ताप येतो. कुणाला काहीच होत नाही, कारण दुसरी किडनी काम सांभाळून घेते. मग कधीतरी सोनोग्राफीत कळतं, लघवी तुंबून ‘किडनीला सूज आहे.’

या अरुंदपणावरचा एक उपचार म्हणजे ‘बलून डायलेटेशन’, फुग्यानं रुंद करणं. नाव ऐकून फुगवणं हेच मुख्य काम वाटेल. खरी झटापट त्याआधीची. लघवीच्या मार्गानं दुर्बीण आत जाते आणि एक मिलिमीटरहूनही बारीक गाइडवायर, म्हणजे वाट दाखवणारी तार, त्या अरुंद जागेतून पलीकडे न्यायची असते. कधी ती पहिल्याच प्रयत्नात सरकते, कधी वाटच देत नाही. मग पाठीतून किडनीत सुई घालून वरून यावं लागतं.

वायर पलीकडे गेली की तिच्यावरून मिटलेला फुगा सरकवतात. त्यात हवा भरत नाहीत, पातळ केलेलं कॉन्ट्रास्ट भरतात, म्हणजे तो पडद्यावर दिसतो. डॉक्टर पंपाची मूठ फिरवतात, दाबाचा काटा चढतो. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या कितीतरी पट.

आता बघा. फुगा दोन्ही टोकांना फुगलाय, मध्ये मात्र आवळलेला. हीच ती कंबर. वण अजून धरून आहे. काटा थोडा आणखी वर... आणि कंबर गेली.

पण वण फाकला म्हणजे बरा झाला असं नाही. ती जागा नव्यानं भरून येताना पुन्हा आकसू नये म्हणून आत डीजे स्टेंट ठेवतात, बहुधा 4 ते 6 आठवडे. दोन्ही टोकांना वळलेली ही मऊ नळी रुग्णाला मात्र चांगलीच जाणवते: सारखं लघवीला लागतं, लघवी करताना कुशीत कळ येते. काढायची तारीख विसरली तर तिच्यावर खड्यासारखे थर चढतात आणि ती काढणं हीच एक शस्त्रक्रिया होऊन बसते.

हा उपाय सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. अरुंद भाग 2 सेंटिमीटरपेक्षा लहान, फार जुना नसलेला आणि रक्तपुरवठा शाबूत असेल तर फुग्याकडून आशा धरावी. लांब भाग असेल किंवा रेडिएशन झालेलं असेल तर अरुंदपणा परतण्याची शक्यता मोठी. तिथे पुन्हा पुन्हा फुगा फुगवत बसण्यापेक्षा खराब तुकडा काढून नळी नव्यानं जोडण्याचा विचार लवकर केलेला बरा.

स्टेंट काढायला काही मिनिटं लागतात. तोवर वाट त्यानंच उघडी धरलेली असते. आता नळी एकटी आहे. काही आठवड्यांनी पुन्हा तीच सोनोग्राफी, पोटावर तीच गार जेल, आणि डॉक्टर मोजताहेत: किडनीची सूज उतरली का.