एक्क्यांची जोडी आणि पॉटची चक्रवाढ

होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाला सुरुवातीला दोन पत्ते मिळतात; त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा हाती येते, आणि ती आली की पुष्कळ खेळाडू ती लपवण्याच्या खटपटीला लागतात. तीन पत्तीत मुरलेल्या आपल्या मंडळींना ही खोड अधिकच असते, आणि तिथे ती चुकीचीही नाही. कारण तीन पत्तीत भिडू टिकून असेपर्यंत चाल फिरतच राहते, त्यामुळे ट्रेल, म्हणजे एकाच किमतीचे तीन पत्ते, हाती असताना घाई करण्याचे कारण नसते. होल्डेममध्ये मात्र बेटिंगच्या फेऱ्या चारच असतात आणि वाया गेलेली फेरी परत मिळत नाही.

भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट 2025मध्ये संमत झाला, म्हणून उदाहरण घेतो ते परदेशातल्या, परवानगी असलेल्या टेबलाचे. ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, एक आणि दोन सेंटांचे आहेत आणि प्रत्येकासमोर 2 डॉलर आहेत. आपल्याकडे इस्पिक आणि चौकटचा एक्का आहे. आपण 6 सेंटांपर्यंत रेज केले, म्हणजे रक्कम वाढवली, मोठ्या ब्लाइंडवरच्या भिडूने कॉल केले, म्हणजे तेवढीच रक्कम लावली, आणि बाकीच्यांनी पत्ते टाकले. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, 13 सेंटांचा झाला आणि दोघांकडे 194 सेंट उरले. आता फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांनंतर) 10, टर्नवर (चौथ्या पत्त्यानंतर) 25 आणि रिव्हरवर (पाचव्या पत्त्यानंतर) 62, म्हणजे दर वेळी साधारण पाऊण पॉट लावला आणि भिडू कॉल करत राहिला, तर त्याचे 97 सेंट, उरलेल्या रकमेच्या बरोबर निम्मे, पॉटमध्ये येतात. फ्लॉपवर ‘सापळा’ म्हणून चेक केले, म्हणजे काहीच लावले नाही, आणि पुढे त्याच प्रमाणात लावले, तर हाच आकडा 35वर थांबतो. एका फेरीने एवढा फरक पडावा याचे कारण पॉट चक्रवाढ व्याजासारखा वाढतो, आणि आपण सोडून दिलेला हप्ता पहिला असला तरी फटका शेवटच्या, सर्वांत मोठ्या हप्त्याला बसतो.

दुसरा प्रश्न आकाराचा. फ्लॉपवर बदामाची राणी, बदामाची सत्ती आणि किलवरची तिर्री आली आणि भिडूकडे दोन बदाम असले, तर न दिसलेल्या 47 पत्त्यांपैकी 9 त्याच्या कामाचे असतात. म्हणजे टर्नवर फ्लश, एकाच चिन्हाचे पाच पत्ते, लागण्याची शक्यता 19 टक्के. आपण भीत भीत 3 सेंट लावले, तर त्याचे स्वतःचे 3 धरून होणाऱ्या 19 सेंटांच्या पॉटसाठी त्याला 3 मोजावे लागतात. तेवढ्याला 16 टक्के पुरतात, म्हणजे तो पत्ता आपण त्याला स्वस्तात विकला. 10 लावले तर त्याला 30 टक्क्यांची गरज पडते आणि त्या पत्त्यापुरता त्याचा कॉल तोट्याचा ठरतो. या टेबलावरचे भिडू तो तोट्याचा कॉलही आनंदाने करतात.

म्हणूनच वरच्या पातळीवरचा, ब्लफ (हलक्या पत्त्यांवर मारलेली थाप) आणि भारी पत्ते यांना एकच आकार द्यावा हा सल्ला मी इथे फारसा मानत नाही. समोरचा आकाराकडे बघतच नसेल, तर त्याला फसवण्यासाठी आपली कमाई कापायची कशाला? जोडी सोडवत नाही अशा भिडूसमोर पूर्ण पॉट लावावा. मात्र तासभर फक्त कॉल करणारा शांत खेळाडू रिव्हरवर अचानक रेज करतो, तेव्हा आपल्या एक्क्यांची किंमत एका जोडीइतकीच असते. अशा रेजमागे या टेबलांवर ब्लफ क्वचितच असतो; 62 सेंट आत गेलेले असले, तरी तिथे मी फोल्ड करतो, म्हणजे पत्ते टाकतो.